आंबोलीचा ‘सोडवणेचो आवाज’ : प्रचलित हकीकतीचें परीक्षण

सन २०२५ च्या प्रजासत्ताक दिनाच्या प्रसंगीं श्रीमती लिबिया लोबो सरदेसाई यांस ‘पद्मश्री’ जाहीर झाली. त्या वेळीं त्यांनीं वयाची शंभर वर्षें पुरीं केलीं होतीं. त्यांच्या सन्मानाबरोबर आंबोलीच्या रानांतून चाललेल्या गोवा-मुक्तीच्या नभोवाणीची हकीकत पुनः लोकांच्या तोंडीं आली. सन्मान यथायोग्य झाला, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. परंतु ती हकीकत ज्या स्वरूपांत आज सांगितली जाते, तें इतिहासाचें स्वरूप नव्हे. तें बखरीचें आहे. बखर त्याज्य असते असें आमचें म्हणणें नाहीं. सभासदानें जिंजीस बसून जें लिहिलें, तें शिवछत्रपतींच्या निधनानंतर वीस वर्षांच्या आंतलें व माहीतगाराच्या हातचें असूनही आपण तें अस्सल पत्रांशीं ताडून मगच स्वीकारतों. आंबोलीच्या हकीकतीस मात्र ही कसोटी अद्याप कोणीं लावलेली दिसत नाहीं. ती लावून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(१) निर्विवाद भाग

प्रथम जेवढें निश्चित आहे तेवढें नमूद करतों. ‘सोडवणेचो आवाज’, पोर्तुगीज भाषेंत ‘व्होझ दा लिबेर्दादे’, या नांवाचें नभोवाणी केंद्र ता. २५ नोव्हेंबर १९५५ रोजीं सुरू झालें. तें चालविणाऱ्यांत वामन सरदेसाई व लिबिया लोबो हीं दोन नांवें प्रमुख असून आरंभीं निकोलाव मिनेझिस हेही त्यांत होते. प्रथम आंबोलीच्या परिसरांतून व पुढें कॅसलरॉकहून कोंकणी व पोर्तुगीज या दोन भाषांत ध्वनिक्षेपण होत असे. डिसेंबर १९६१ मध्यें गोवा मुक्त झाला, तोंपर्यंत म्हणजे सुमारें सहा वर्षें हें कार्य चाललें. शेवटीं सरदेसाई व लोबो या उभयतांनीं विमानांतून गोव्यावर फिरून मुक्तीची वार्ता ध्वनिवर्धकावरून सांगितली. हा सांगाडा पक्का आहे. वाद आहे तो त्यावर चढविलेल्या मांसाविषयीं.

(२) स्थळ व काळ

आंबोली हें आज सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यांत मोडतें. म्हणून ‘सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील पहिलें नभोवाणी केंद्र’ असें त्यास कोणीं म्हटल्यास तें भूगोलदृष्ट्या चुकीचें ठरणार नाहीं. काळाच्या दृष्टीनें मात्र तें सैल बोलणें होईल. १९५५ सालीं सिंधुदुर्ग नांवाचा जिल्हाच नव्हता. सावंतवाडीचें संस्थान १९४८ मध्यें मुंबई प्रांतांत विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्यास जोडलें गेलें होतें, व सिंधुदुर्ग जिल्हा ता. १ मे १९८१ रोजीं निराळा झाला. रत्नागिरीस आकाशवाणीचें केंद्र आलें तें १९७७ मध्यें. यावरून आंबोलीचा आवाज त्याहून वीस वर्षांहून अधिक जुना ठरतो, ही गोष्ट खरी. पण तो आवाज मालवण, वेंगुर्लें, कुडाळ यांच्यासाठीं नव्हता. त्यांच्या डोक्यावरून तो पलीकडे गोव्यास जात होता. स्थानिक केंद्राच्या इतिहासांत त्यास पहिलें स्थान द्यावयाचें तर ‘येथून बोललें गेलें’ या अर्थानें द्यावें, ‘येथील लोकांशीं बोललें गेलें’ या अर्थानें देऊं नये.

स्थळाची निवड समजण्यास मात्र कसलीही अद्भुत कल्पना लागत नाहीं. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारें सातशें मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या अगदीं कड्यावर आहे. तेथून पश्चिमेस वाडीचा तळकोंकण व नैर्ऋत्येस गोव्याचा प्रदेश पसरलेला आहे. वेंगुर्ल्याहून बेळगांवास जाणारा घाटरस्ता याच गांवावरून जातो, आणि बेळगांव हें त्या काळीं गोवा-मुक्तीच्या चळवळीचें एक मोठें ठाणें होतें. उंची, सीमेची जवळीक आणि पाठीशीं रस्ता, हे तीन गुण एकत्र असणारीं ठिकाणें या भागांत फार नाहींत. दोषही तितकाच उघड आहे. आंबोलीस वर्षाकाठीं सात हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत जेथें भिंतींस पाणी सुटतें, तेथें विजेवर चालणारें नाजूक यंत्र ठेवणें म्हणजे काय, हें त्या बाजूच्या माणसास सांगावयास नको. कॅसलरॉक हें मुरगांवकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील सीमेचें स्थानक. केंद्र तिकडे हलविण्यास हेरांची भीति हें एकच कारण पुरेसें मानण्यापूर्वीं पाऊस व लोहमार्ग या दोन साध्या कारणांचा विचार व्हावयास हवा, असें आम्हांस वाटतें.

तारखेविषयीं एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. अफोंसो द आल्बुकेर्क यानें गोवा कायमचा घेतला तो दिवस ता. २५ नोव्हेंबर १५१०, म्हणजे सांता कातारिनेच्या सणाचा. जुन्या गोव्याचें मुख्य देवालय याच संतेच्या नांवें आहे. त्याच तारखेस मुक्तीचा आवाज सुरू व्हावा, हा नुसता योगायोग म्हणवत नाहीं. गोव्यांतील ख्रिस्ती श्रोत्यास त्यांतील मर्म सांगण्याची आवश्यकता नव्हती. परंतु याच धाग्यास धरून कोणी आणखी पुढें जाईल, आणि मालवणच्या सिंधुदुर्गाची पायाभरणीही २५ नोव्हेंबरचीच, असें म्हणून आंबोलीचा संबंध शिवकालाशीं लावील, तर त्यास वेळींच आवरणें भाग आहे. शके १५८६ मार्गशीर्ष बहुल द्वितीयेची जी इंग्रजी तारीख २५ नोव्हेंबर १६६४ म्हणून दिली जाते, ती जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे. चालू पद्धतीनें ती ५ डिसेंबर येते. १५१० ची तारीखही जुन्याच पद्धतीची हें खरें; पण तेथें सण त्याच नांवाच्या तारखेस आजपर्यंत चालत आल्यानें संबंध अखंड राहिला. सिंधुदुर्गाच्या बाबतींत तसला कोणताच दुवा नाहीं.

(३) ‘गुप्त’ म्हणजे कोणापासून गुप्त ?

या केंद्रास ‘भूमिगत’ किंवा ‘गुप्त’ म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द नीट तपासला पाहिजे. नभोवाणी गुप्त असूं शकत नाहीं. ती ऐकूं जावी म्हणूनच असते. गुप्त राहतें तें फक्त तिचें स्थान. तें स्थान पोर्तुगिजांपासून लपविणें अवश्य होतें, यांत शंका नाहीं. पण भारत सरकारपासूनही तें लपलेलें होतें काय ? त्या वेळीं अमलांत असलेल्या १८८५ च्या तारायंत्र-कायद्यानें व १९३३ च्या बिनतारी-कायद्यानें परवान्याविना ध्वनिक्षेपण करणें तर राहोच, तें यंत्र जवळ बाळगणेंही गुन्हा होता. अशा स्थितींत भारतीय भूमीवरून, एकाच प्रदेशांत, सहा वर्षें केंद्र चालतें आणि कोणी हरकत घेत नाहीं, याचा अर्थ एकच होतो. सरकारास तें ठाऊक होतें व मान्य होतें. शेवटीं संरक्षणमंत्री श्री. कृष्ण मेनन यांचा शरणागतीविषयींचा संदेश गोव्याच्या गव्हर्नरास पोंचविण्यास याच केंद्राचा उपयोग झाल्याचें सांगतात. तेंही याच अनुमानास पुष्टि देतें.

असें म्हटल्यानें चालकांच्या साहसास उणेपणा येतो असें आम्हांस वाटत नाहीं. रानांत एकांतवास, पाऊस, हिंस्र पशु आणि सीमेपलीकडील शत्रु हीं संकटें खरींच होतीं. परंतु तत्कालीन राजकारण समजावयाचें तर हा भेद पाळला पाहिजे. ता. १५ ऑगस्ट १९५५ रोजीं निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सीमेंत शिरले तेव्हां पोर्तुगिजांच्या गोळीबारांत वीसांहून अधिक माणसें पडलीं. सावंतवाडीच्या बाजूस पत्रादेवीची सीमा त्या दिवशीं रक्तानें भिजली. पुढच्याच महिन्यांत भारत सरकारनें सामुदायिक सत्याग्रहास बंदी केली व सीमाही बंद झाल्या. त्यानंतर तीन महिन्यांच्या आंत आंबोलीचा आवाज सुरू झाला. हा क्रम डोळ्यांसमोर ठेवला म्हणजे केंद्राचें खरें प्रयोजन कळतें. माणसास सीमा बंद झाली, तेव्हां जें बंद करतां येत नाहीं तें, म्हणजे शब्द, पलीकडे पाठविण्यांत आला. सरकारास उघडपणें करतां येत नव्हतें तें येथें दोघां-तिघांच्या अंगावर सोंपविलें गेलें. आमच्या मतें या कथेचा गाभा हाच आहे, आणि ‘गुप्त’ या शब्दानें तोच झांकला जातो.

(४) यंत्राची हकीकत

१९५४ च्या जुलै-ऑगस्टांत दादरा व नगर हवेली मुक्त झालीं, त्या वेळीं पोर्तुगिजांचीं बिनतारी यंत्रें हातीं लागलीं व त्यांतूनच हें केंद्र उभें राहिलें, अशी हकीकत सांगितली जाते. ती तांत्रिक दृष्टीनें अशक्य नाहीं. पोलिसी बिनतारी यंत्र एका ठाण्याशीं बोलण्यासाठीं केलेलें असतें. त्याची शक्ति वाढवून, त्यास योग्य उंचीची तार जोडून, सामान्य श्रोत्याच्या यंत्रावर ऐकूं येईल अशा लहरींवर तें आणावें लागतें. जाणत्या कारागिराच्या हातून तें होऊं शकतें. परंतु शत्रूचेंच शस्त्र शत्रूवर उलटलें, ही कल्पना सांगणारास व ऐकणारास इतकी प्रिय असते कीं, ती पुराव्यावांचूनही रुजते. किल्ल्यावरील प्रत्येक जुनी तोफ ‘फिरंग्याकडून जिंकलेली’ असते, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाहीं. तोफेच्या अंगावरील अक्षरें वाचूनच आपण तिचें कूळ ठरवितों. येथेंही यंत्राच्या अंगावरील कारखान्याचा छाप व क्रमांक हाच निर्णायक पुरावा होय. तो पुढें येईपर्यंत ही हकीकत ‘संभवनीय’ या सदरांत ठेवावी. ‘सिद्ध’ या सदरांत घालूं नये.

(५) भाषा व श्रोते

ध्वनिक्षेपण कोंकणी व पोर्तुगीज या भाषांत होत असे, मराठींत नव्हे. ज्या डोंगरावरून तें होई तेथील बोली मालवणी-कुडाळी, लेखनव्यवहार मराठी. गोव्यांतील हिंदु समाजही वाचनासाठीं मराठीच वापरीत असे. मग मराठी कां नाहीं ? यावर भाषाभिमानाचे वाद उकरून काढण्यांत हांशील नाहीं. उत्तर श्रोत्यांत आहे. मराठी समजणाऱ्यास मुंबई केंद्र होतें व १९५३ पासून पुण्याचेंही केंद्र होतें. ज्यांच्यापर्यंत भारताची बाजू पोंचत नव्हती असे दोन वर्ग होते. एक, कोंकणीशिवाय दुसरी भाषा कानांवर न पडणारा, विशेषतः ख्रिस्ती, सामान्य जन. दुसरा, पोर्तुगीज भाषेंत शिकलेला अधिकारी, शिपाई व भाटकार. गोव्यांत वृत्तपत्रांवर सक्त नियंत्रण होतें, आणि पणजीस १९४६ पासून पोर्तुगीज सरकारचें स्वतःचें ‘एमिसोरा द गोवा’ हें केंद्र होतें. म्हणजे आंबोलीचा आवाज पोकळींत उठलेला नव्हता. तो एका प्रस्थापित आवाजास दिलेलें प्रत्युत्तर होता. प्रत्युत्तराचा अर्थ मूळ पत्र वाचल्यावांचून लागत नाहीं, हें पत्रसंग्राहकांस आम्हीं सांगावयास नको. प्रचलित कथेंत मात्र पणजीचें केंद्र जवळजवळ नाहींच.

(६) परिणामाचें मोजमाप

नभोवाणीनें गोवा मुक्त केला, असा सूर कित्येक लेखांतून निघतो. येथेंही प्रमाण सांभाळलें पाहिजे. ता. १४ डिसेंबर १९६१ रोजीं सालाझारनें गव्हर्नर व्हासालो इ सिल्व्हा यांस अखेरपर्यंत लढण्याचा हुकूम धाडला होता. ता. १८ रोजीं भारतीय सैन्य शिरलें, त्याच दिवशीं हवाई दलाच्या हंटर विमानांनीं बांबोळीचें बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केलें, ता. १९ च्या रात्रीं गव्हर्नर शरण आले. हा निर्णय सैन्यबळाचा आहे. तो आवाजाचा म्हणणें म्हणजे दोहोंवरही अन्याय होय. आवाजाचें काम निराळें होतें. सहा वर्षें पलीकडच्या माणसास, तूं विसरला गेलेला नाहींस, एवढें सांगत राहणें हें तें काम. त्याची मोजणी शरणागतीच्या घटकेनें करूं नये. प्रतिपक्षाचें बिनतारी केंद्र मुकें झाल्यावर, ज्यांनीं रानांतून सहा वर्षें अदृश्य राहून बोलणें केलें त्यांनींच आकाशांतून उघडपणें शेवटची वार्ता सांगावी, यांत त्या कामाचें सार्थक पुरेसें दिसतें. त्यास अतिशयोक्तीची पुरवणी नको.

(७) साधनांचा प्रश्न

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. आंबोलीच्या केंद्राची हकीकत मुख्यत्वेंकरून चालकांच्या, तीही पुष्कळ वर्षांनीं सांगितलेल्या, आठवणींवर उभी आहे. याशीं दुसरें एक उदाहरण ताडून पाहावें. १९४२ च्या चळवळींत मुंबईस ‘काँग्रेस रेडिओ’ ता. २७ ऑगस्ट रोजीं सुरू झाला व ता. १२ नोव्हेंबर रोजीं पकडला गेला. अडीच महिन्यांचें त्याचें आयुष्य. उषाबेन मेहता व त्यांचे सहकारी तुरुंगांत गेले. असें असतांही त्या केंद्रानें काय सांगितलें तें आज बरेचसें शब्दशः वाचतां येतें. कां ? इंग्रज पोलिसांनीं तें ऐकून टिपून ठेवलें होतें म्हणून. श्रीमती उषा ठक्कर यांनीं २०२१ मध्यें त्या केंद्रावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा आधार शत्रूच्या लेखनिकानें केलेलीं हींच टिपणें होत. जें केंद्र पकडलें गेलें त्याचे शब्द राहिले. जें सहा वर्षें निर्वेध चाललें त्याचे शब्द वाऱ्यावर गेले. इतिहासाची ही विपरीत गति विचार करण्यासारखी आहे.

आणि ती नवीनही नाहीं. १६८९ मध्यें रायगड पडला, तेव्हां आपल्या दफ्तराची वाताहत झाली. पुढें शिवकालाचा इतिहास रचतांना इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांचा, डचांच्या रोजनिशांचा व पोर्तुगीज दफ्तराचा आधार घ्यावा लागला. गोव्याच्या दफ्तरखान्यांत आयुष्य वेंचून कै. पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं जें धन बाहेर काढलें, त्यावांचून मराठ्यांच्या कोंकणांतील राजकारणाची निम्मी बाजू आपणांस अंधारांतच राहिली असती. आपला शत्रु आपलें ऐकत असतो, आणि जो ऐकतो तो लिहून ठेवतो. आंबोलीच्या बाबतींतही हाच नियम लागू केला पाहिजे. गोव्यांतील पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं सहा वर्षें हा आवाज कानाआड केला असेल, हें संभवत नाहीं. पोर्तुगालच्या राजकीय पोलिसांचें, म्हणजे ‘पीडे’चें, दफ्तर आज लिस्बन येथें तोर्रे दो तोंबोंत आहे. ‘सोडवणेचो आवाज’ यास न्याय द्यावयाचा तर कोणीं तरी पोर्तुगीज जाणणाऱ्या तरुणानें तिकडे जाऊन शोध केला पाहिजे. आंबोलीचें बोलणें आंबोलींत सांपडणार नाहीं. तें जेथें पोंचलें तेथें सांपडेल.

तोंपर्यंत आपल्या हातचें असें पुष्कळ आहे. नभोवाणीच्या एका भाषणास आपण पत्राप्रमाणें मानावें : लिहिणारा कोण, वाचणारा कोण, पोंचविणारें साधन कोणतें, घेणारा कोण, व उत्तर काय आलें. यांतील घेणाऱ्याचा पुरावा घरोघर विखुरलेला असतो. भारताच्या बाजूस घरीं नभोवाणी-यंत्र ठेवण्यास परवाना लागे. तो टपालकचेरींतून मिळे व दर वर्षीं नवा करावा लागे. १९८० नंतरच्या दशकांत ही पद्धति बंद पडली. त्या परवान्यांचीं छोटीं पुस्तकें वेंगुर्लें, मालवण, बांदा, सावंतवाडी येथील जुन्या घरांतून रद्दींत जात आहेत. कोणत्या गांवीं, कोणत्या सालीं यंत्र होतें याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाहीं. मात्र यंत्र होतें म्हणून अमुकच ऐकलें, असें त्यावरून म्हणतां येणार नाहीं, ही मर्यादा सांभाळावी. मुंबईंतील गोवेकरांच्या कुडींत राहणाऱ्या खलाशांची घरीं गेलेलीं पत्रें, सीमेवरच्या व्यापाऱ्यांच्या रोजकीर्दी, कोणा शिक्षकाच्या दैनंदिनींतील एखादी ओळ, हीं सर्व याच प्रकारचीं साधनें होत. मोडी कागदाचा तुकडा दिसतांच ज्यांचा हात आपोआप पुढें जातो, त्यांचा तोच हात या कागदांसाठींही पुढें व्हावा, अशी आमची विनंती आहे. शंभर वर्षांपूर्वीं पेशवाईच्या दफ्तराकडेही लोक रद्दी म्हणूनच पाहात होते.

सारांश, २५ नोव्हेंबर १९५५ ते डिसेंबर १९६१ हा या केंद्राचा काल निश्चित. आंबोली व पुढें कॅसलरॉक हीं स्थळें निश्चित. ‘गुप्त’ हें विशेषण अर्धेंच खरें. यंत्राचें मूळ संभवनीय, पण असिद्ध. परिणामाचें वर्णन अतिशयित. यानें कथा लहान होत नाहीं. दोन-तीन माणसें, एक यंत्र, कड्यावरचा पाऊस आणि पलीकडे अंधारांत हलक्या आवाजांत लावलेला कोणाचा तरी रेडिओ, एवढें शिल्लक राहतें, आणि तें पुष्कळ आहे. यांतील बोलणाऱ्यांचीं नांवें आपणांस ठाऊक झालीं. ऐकणाऱ्यांचा शोध अद्याप आरंभावयाचा आहे. ज्यांनीं तो आवाज प्रत्यक्ष ऐकला ते दिवसेंदिवस कमी होत आहेत, म्हणून तो आरंभ या पावसाळ्यापूर्वींच व्हावा हें बरें.